कॅलेंडरमागची ओल

"यांच्या फुफ्फुसात फंगस वाढतंय," डॉक्टर म्हणाले. फंगस म्हणजे बुरशी. ऐकताच मला शिसारी आली. लोणच्यावर, शिळ्या पावावर येते ती, माणसाच्या आत?

मुलांनो, तुमच्या आजोबांना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग होता. केमोथेरपीने त्यांच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या. त्या नसल्या की हवेतली साधी बुरशीही शरीरात घर करते. ताप उतरेना. खोकल्यातून तपकिरी, रक्त मिसळलेली थुंकी पडे. थुंकीचं भांडं मी धुवायची, आणि मग घास घशाखाली उतरत नसे.

अँफोटेरिसिन नावाचं बुरशीवरचं औषध सलाईनमधून सुरू झालं. बाटलीला उजेड लागू नये म्हणून काळा कागद गुंडाळत. थोड्या वेळात अशी हुडहुडी भरे की पलंग हाले. मग उलट्या. औषध किडनीला जड, म्हणून सारखं रक्त तपासत. अशाच एका दिवशी आजोबा म्हणाले, "अगं, बुरशी दिसली की तू अख्खी बरणी फेकतेस. मला ठेवशील ना?"

डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात कुठे ओल आहे का? मी ताबडतोब नाही म्हटलं. नौपाड्यातलं आमचं घर स्वच्छतेसाठी ओळखलं जाई. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. घरी त्यांच्याच उशाशी भिंतीवर काळे-हिरवे डाग होते. त्यावर मी मोठं कॅलेंडर टांगलं होतं.

महिन्याभराने ताप उतरला. पुढच्या केमोआधी काही दिवस घरी न्या, असं ठरलं. मी एक दिवस आधी घरी येऊन चादरी बदलल्या. कॅलेंडर सरळ करायला गेले, तर ते भिंतीला चिकटलेलं. ओढलं. मागे केसाळ, कुबट थर. मला ओकारी आली, त्या थराची आणि माझीही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. "तिथूनच आली असं सांगता येणार नाही," ते म्हणाले, "पण त्या खोलीत यांना नेऊ नका."

आजोबांना कळव्याला माझ्या नणंदेकडे नेलं. स्वतःचं घर सोडून इथे का, तिने विचारलं. मी सांगितलं, "वन्सं, आमच्या भिंतीला बुरशी लागली आहे. मी ती लपवली होती."

तुमच्यावर कधी अशी वेळ आली, तर डॉक्टरांना उत्तर देण्याआधी कॅलेंडर काढून बघा.

वन्संशी माझं ते बोलणं आजोबा खाटेवरून ऐकत होते. म्हणाले, "ठेवलीस म्हणायची बरणी."