इंजिनाची शिटी आणि आमची बस

नोकरी सुटली तरी किस्से सुटत नाहीत. नागपूर स्टेशनसमोरच्या सिटी बसच्या चौकीत मी टाइमकीपर होतो, सत्तरच्या दशकात. जुनी मंडळी जमली की तिथल्या गोष्टी निघतात आणि सगळे पोट धरून हसतात. मीही हसतो, पण अलीकडे मान खाली घालून.

आमची पद्धतच अशी होती. पॅसेंजर गाडी यायची दहाला, आणि बस सुटायची वेळही दहाचीच. गाडीची माणसं बोचकी घेऊन चढणार म्हणजे दहा मिनिटं गेली आणि रजिस्टरात लेट मार्क लागला. म्हणून इंजिनाची शिटी ऐकू आली की मी माझी शिटी फुंकायचो!

नव्या कंडक्टरनं पहिल्याच दिवशी विचारलं, "गाडी तं येऊन राहिली, मंग आपण थांबत काहून नाही?"

ड्रायव्हर वानखेडे गिअर टाकत म्हणाला, "थांबलो असतो गा. पण मंग माणसं चढतात ना!"

*

एकदा मोठे साहेब तपासणीला आले. महिनाभरात एकही लेट मार्क नाही, हे पाहून खूश झाले. मग बसमध्ये डोकावले. "तीनच पॅसेंजर?"

"त्यातले दोघं आपल्याच डेपोचे आहेत, साहेब," मी सांगितलं. तेही अभिमानानं.

*

बाहेर सायकल रिक्षावाल्यांची रांग असे. त्यांच्यातला सुखदेव दिवाळीला चौकीत पेढ्यांचा पुडा घेऊन आला. मी विचारलं, "हे काहून?"

"तुमच्यामुळंच आमचं घर चालते, साहेब."

आम्ही पेढे खाल्ले. लाज वाटायला हवी होती, ती तेव्हा वाटली नाही.

*

कळमेश्वरहून एक म्हातारा मुलीला घेऊन आला होता. तिची नर्सिंगच्या ट्रेनिंगची मुलाखत होती, साडेदहाला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. म्हातारा हात वर करून बसकडे धावला. मी पाहिलं, आणि शिटी फुंकली. रिक्षापुरते पैसे त्याच्याजवळ नव्हते, आणि पुढची बस पाऊण तासानं होती.

दुपारी दोघं परत आले. म्हाताऱ्यानं चौकीच्या खिडकीशी येऊन हात जोडले. "पोरीले आत घेतलंच नाही, साहेब. नावं पुकारून झाली होती."

मी समोरचं रजिस्टर मिटलं.

"तुमची बस मात्र एकदम टायमाची आहे," तो म्हणाला. "आमचीच गाडी उशिरा पोचली असन. पुढच्या साली पुन्हा फारम भरन पोरगी. मंग कोणत्या गाडीनं याव, साहेब? दहाची बस भेटाले पायजे."

मी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहिलं. दहाची बस मिळवून देणारी गाडी त्यात एकच होती.

"आदल्या दिवशीच्या गाडीनं," मी म्हणालो.

मुलीनं मुलाखतीचा कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला ते नीट लिहून घेतलं.