जावई बरा होईस्तोवर गहू बंद

मला गहू सोसत नाही, असं मी गेली दोन वर्षं लोकांना सांगत आलो आहे. सोसतो की नाही, हे मला खरं तर माहीत नाही. तपासणी झालेली नाही. पण लग्नाच्या पंगतीत पुरी वाढणाऱ्याला हात आडवा करून मी हे वाक्य इतक्या गंभीर चेहऱ्याने म्हटलं आहे, की माणसं वाढणं थांबवून माझ्याकडे हळहळून बघतात. ती हळहळ मी घेतली. हे आधीच सांगून टाकतो.

बारामतीच्या एमआयडीसीत एका दूध प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत मी नोकरी करतो. टँकर आला की नमुना काढायचा, तपासायचा आणि कागदावर सही करायची. माझी सही झाल्याशिवाय दूध आत जात नाही. टँकरवाले अजीजी करतात, "साहेब, वासावरनंच कळतंय की, चांगलं हाय." मी सांगतो, वासावर चालत नाही. स्वतःच्या पोटाचं मात्र मी सगळं वासावरच चालवलं.

दुपारी डब्यातली चपाती खाल्ली की पोट फुगायचं, डोकं जड व्हायचं, चिडचिड व्हायची. कुणीतरी म्हणालं, गहू सोडून बघा. सोडला. आठवड्याभरात हलकं वाटायला लागलं. मग रीतसर माणसासारखा डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "सोडायच्या आधी यायचं होतं. गहू पोटात असेल तरच रक्ताची तपासणी खरी निघते. आता पाच-सहा आठवडे रोज चपाती खा आणि मग या." आजार आहे की नाही हे कळण्यासाठी आधी आजारी पडायचं, हे मला अन्यायाचं वाटलं. तसं मी घरी येऊन बायकोला सांगितलंही. तपासणी टाळण्याचं खरं कारण सांगितलं नाही. रिपोर्ट स्वच्छ आला असता तर तिला तोंड कसं दाखवायचं, ही भीती होती.

कारण तोवर ती माझ्यासाठी रोज भाकरी थापत होती. मुलांच्या चपात्या लाटून झाल्या की ओट्यावर पीठ काढायचं, पाणी गरम करायचं, मळायचं, थापायचं. तिचं उजवं मनगट आधीपासून दुखतं. थापताना ती मध्येच थांबून ते डाव्या हाताने दाबायची. मला फार अपराधी वाटायचं. अपराधी वाटत असतानाच मी म्हणायचो, "अजून अर्धी असेल तर दे, गरम असेल तर."

लहानपणी आमच्या घरात रोज भाकरी असायची आणि गहू सणाला. तेव्हा मी चपातीसाठी रडायचो आणि आई माझ्यापुरती एक चपाती लाटायची. म्हणजे घरात सगळ्यांना जे शिजतं ते सोडून दुसरंच मागायचं, हा उद्योग मी आयुष्यभर केला. फक्त धान्य बदललं.

अधिक महिना लागला आणि सणसरहून, माझ्या सासुरवाडीहून, धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं. सासरे गेल्यापासून ते घर मेहुणा बघतो, पण स्वयंपाकघरात अजून सासूबाईंचा शब्द चालतो. मी त्यांना मामी म्हणतो. या महिन्यात जावई म्हणजे नारायण. त्याला बोलवायचं, ओवाळायचं आणि पुरण भरलेले गव्हाचे धोंडे खाऊ घालायचे. फोन स्पीकरवर होता. बायको म्हणाली, "आई, ह्यांना गहू चालत नाही. तांदळाच्या पिठाचे कर."

"तांदळाचं केलं तर त्याला मोदक म्हणत्यात," मामी म्हणाल्या. "धोंडं गव्हाचंच असतंय. डॉक्टरनं बंद सांगितलाय का जावईबापूंच्या मनानं चाललंय?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं.

"रिपोर्ट आलाय आई," ती म्हणाली. "डॉक्टरांनी आयुष्यभर बंद सांगितलाय."

"व्हय? मग आधी न्हाय का सांगायचं," मामींचा आवाज एकदम मऊ झाला. "करते तांदळाचं."

फोन ठेवून बायको पुन्हा पिठाकडे वळली. आईशी ती माझ्यासाठी खोटं बोलली होती. यावर मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "बरं झालं, मिटलं."

सणसरला जेवण थाटात झालं. मेहुणा ताट पुढे सरकवत म्हणाला, "घ्या दाजी. सगळ्या गावात बिनगव्हाचा जावई आमच्याच वाट्याला आलाय. नारायणाला बी पथ्य लागलं म्हणायचं."

"गप रं," मामी त्याला म्हणाल्या. "माणूस आजारी हाय." आणि माझ्याकडे बघून, "किती वाळलाय वो तुमी."

गेल्या वर्षात माझं वजन वाढलं होतं. तरी मी थोडे गाल आत ओढले असावेत. धोंडे मऊ आणि छान झाले होते. मी पोटभर खाल्ले.

नंतर काही दिवसांनी मी प्रयोगशाळेत असताना मेहुण्याचा फोन आला. थट्टेचा सूर नव्हता.

"दाजी, आईनं गहू सोडलाय."

अधिक महिन्यात बायका एखादा आवडीचा पदार्थ सोडतात, महिना संपला की पुन्हा धरतात. मी म्हणालो, महिन्याचा तर प्रश्न आहे.

"महिन्याचा न्हाय. देवाफुडं बोललीया, जावई बरा होईस्तोवर गहू तोंडात घालणार न्हाय."

मामींना भाकरी पचत नाही, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. भाकरी खाल्ली की पोटात वात धरतो, रात्रभर बसून काढतात. साखरेच्या त्रासामुळे भात बंद. त्यांचं सगळं जेवण म्हणजे दुधात कुस्करलेली मऊ चपाती.

"मग खातात काय?"

"मुगाचं वरण पिती. काल गोठ्याकडं जाताना चक्कर आली, भिंतीला धरून खाली बसली. डॉक्टर म्हणतोय, पोटात अन्न न्हाय. तिला म्हणलं, व्रत सोड. तर म्हणती, ताईचं कुकू हाय, मी कशी सोडू?" मग त्याने विचारलं, "दाजी, तुमी बरं कधी होणार?"

बायकोने डॉक्टरांच्या तोंडी घातलेला शब्द 'आयुष्यभर' हा होता.

रविवारी आम्ही दोघं मोटरसायकलवर सणसरला गेलो. वाटेत बायको म्हणाली, "मीच सांगते, खोटं मी बोलले." मी म्हणालो, मी सांगतो. इतक्या दिवसांत तेवढं एकच बरं बोललो असेन.

मामी खाटेवर पडल्या होत्या. मनगटातल्या पाटल्या कोपरापर्यंत सरकल्या होत्या. मी समोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. तपासणी नाही, रिपोर्ट नाही, डॉक्टरांनी काहीच बंद केलेलं नाही.

त्या उठून बसल्या. लेकीकडे एकदा बघितलं आणि तिला काही न बोलता मला म्हणाल्या, "म्हंजी रोग न्हायच?"

"तसं नाही. असेलही."

"हाय का न्हाय?"

"माहीत नाही मामी."

"मग मी व्रत कशावर सोडू? हाय म्हणला असता तर धरलं असतं. न्हाय म्हणला असता तर सोडलं असतं."

दारात उभा असलेला मेहुणा म्हणाला, "तारीख घ्या दाजी. तारखेवर तारीख पडू द्या."

मामींनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. "चपाती खाल्ली की तुमाला हुतंय तरी काय?"

दोन वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. लोकांनी नाव विचारलं होतं, कागद विचारला होता, खपली गहू खाऊन बघा म्हणून सांगितलं होतं. मी सांगितलं. पोट फुगतं, डोकं धरतं, कशातच मन लागत नाही.

"मला भाकरीनं असंच हुतंय," त्या म्हणाल्या.

त्यांना कागद कुणी मागितला नव्हता. भाकरी सोसत नाही हे त्यांनी कुणाला हात आडवा करून सांगितलंही नव्हतं. सून न विचारता चपाती लाटायची आणि त्या खायच्या.

मी त्यांना डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, की पाच-सहा आठवडे गहू खाल्ल्याशिवाय काही कळणार नाही. त्यांनी बोटांवर आठवडे मोजले. मग म्हणाल्या, "मग खा. तुमी खाताय तवर देवाच्या लेखी तुमी बरं. तवर मी बी खाते. तुमी थांबला की मी थांबले."

सुनेने दोन ताटं आणली. मी चपातीचा घास घेतला. मामींनी तो गिळेपर्यंत बघितला आणि मग आपली चपाती दुधात मोडली.

त्याला आता दोन आठवडे होऊन गेले. बायको एकाच पिठाच्या चपात्या करते आणि मनगट जरा बरं आहे म्हणते. दुपारनंतर माझं पोट ढोलासारखं होतं. ते गव्हाने होतं की मनाने, हे अजून मला सांगता येत नाही. रोज संध्याकाळी सणसरहून फोन येतो.

काल फारच त्रास झाला म्हणून मी ताक-भात खाऊन आडवा झालो होतो. फोन वाजला.

"खाल्ली का?"

बायको शेजारीच मुलांचे कपडे घड्या करत होती. तिचे हात थांबले.

"खाल्ली मामी. दोन."

"बरं. मग मी बसते जेवायला," त्या म्हणाल्या.

फोन त्यांना नीट बंद करता येत नाही. सुनेला त्यांनी दूध आणायला सांगितलेलं मला ऐकू आलं. मग वाटीत चमचा फिरल्याचा आवाज येऊ लागला. मी तो ऐकत राहिलो.