लोणी काढलेलं दूध

लेक चार महिन्यांची असताना मला मुदतीचा ताप आला आणि अंगावरचं दूध आटलं. ताप उतरला, दूध काही परत आलं नाही. आमचं घर धनगराचं. दिवाळी झाली की नवरा मेंढरं घेऊन लांबच्या रानात जायचा. घरी मी, सासू, ही पोर आणि तीन दुभत्या शेळ्या. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. गंगाखेडच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात मोटारीतून एक नर्सबाई यायच्या आणि माझ्यासारख्या बायांना परदेशी दुधाच्या भुकटीचे डबे द्यायच्या.

डबा पाहून मी हरखलेच. केवढी पांढरीशुभ्र ती भुकटी, वास नाही की मळ नाही! बाईंनी बजावलं होतं, पाणी उकळून घ्या, वाटी-चमचा उकळा, माशी बसू देऊ नका. मी शब्द न शब्द पाळला. पाणी दोनदा गाळायचे. डब्याला कुणी बोट लावलं तर अंगावर धावून जायचे. अख्ख्या गल्लीत माझ्याएवढं स्वच्छ कुणी नव्हतं, आणि हे मी चारचौघींत ऐकवायचेही.

सासू म्हणायची, "अगं, दारात शेळ्या हायेत. त्या भुकटीत काय ठिवलंय? शेळीचं पाज, लेकरू अंग धरंल."

"आत्या, शेळी उकिरड्यावर तोंड घालती. तिचं दूध न्हाई पाजायचं मला."

"आमची लेकरं काय भुकटीवर वाढली?"

"म्हणून तर तुमची तीन गेली," मी फाडकन बोलले.

सासू उठून शेळ्यांना पाला टाकायला गेली. पुन्हा कधी तिनं तो विषय काढला नाही. दुसरीपर्यंत शिकले होते, तेवढ्याचीच मिजास, दुसरं काय! मग आमच्याकडे शेळीचं दूध पाहुण्यांच्या चहाला जायला लागलं आणि लेकरू लय लाडकं म्हणून त्याला डबा. वर चमचाभर ज्वारीच्या कण्यांची पेज, बस्स.

पोर दिसायला गुटगुटीत होती. दहाव्या महिन्यात मात्र ती दिव्याकडे बघेनाशी झाली. आधी चिमणी लावली की ज्योतीकडे झेप घ्यायची, ते थांबलं. दिवेलागण झाली की कडेवरून उतरायची नाही. डोळ्यांची चमक गेली. बुबुळाच्या बाजूला साबणाचा फेस वाळावा तसं काहीतरी दिसायला लागलं. मला वाटलं, नजर लागली. मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. एरंडेलाच्या दिव्यावर काजळ धरलं आणि रोज तिच्या डोळ्यांत भरून घातलं. मेली अक्कल माझी! जे दिसायला हवं होतं, ते मीच काळं करून झाकत होते. त्यातच तिला हगवण लागली, तर मी पेज बंद करून नुसती भुकटीच पाजत राहिले.

एका सकाळी तिचा उजवा डोळा पांढरा झालेला. मी आणि सासू मोटार धरून परभणीच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी एक पापणी उघडली, मिटली. मग दुसरी.

"काय पाजता हिला?"

मी सोबत आणलेला डबा पुढे केला. अभिमानानं केला, अजूनही अभिमानानं. त्यांनी त्यावरचं इंग्रजी वाचलं.

"बाई, ह्यातलं लोणी काढून घेतलंय. डोळ्यांना जे लागतं ते लोण्याबरोबर गेलं. निव्वळ ह्याच्यावर लेकरू ठेवायचं नसतं. घरी दुभतं काही नाही का?"

सासूनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"न्हाई साहेब," ती म्हणाली. "काईच न्हाई."

त्या वेळी तिनं मला शिव्या दिल्या असत्या, तोंडात मारलं असतं, तर बरं झालं असतं. ताक आम्हीही पितो, पण तान्हं लेकरू ताकावर कोण वाढवतं? धनगराच्या सुनेला हे दुसऱ्यानं सांगावं लागलं. जळो ते शिकणं माझं! नर्सबाईंना तरी हे ठाऊक होतं का, मला आजतागायत कळलेलं नाही. रागवायचं कुणावर?

डॉक्टरांनी सुई टोचली, माशाच्या तेलाची बाटली दिली. मी विचारलं, "साहेब, दिसंल ना हिला?"

"जगेल," ते म्हणाले.

मी डोळ्यांचं विचारलं होतं.

परतीची मोटार यायला अवकाश होता. दवाखान्याच्या आवारात निंबाखाली बसलो. पोर सासूच्या मांडीवर होती, मी बाजूला. मी तिला हाक मारली. माझा आवाज ऐकून ती खुदकन हसली आणि मी घ्यावं म्हणून तिनं दोन्ही हात पसरले, समोरच्या भिंतीकडं.

मी उठले आणि तिच्या हातांसमोर जाऊन बसले.