खाटेवरची पाटी

शारजाच्या औद्योगिक भागात माझं वेल्डिंगचं वर्कशॉप होतं, आणि ते माझं नव्हतं. भाडं मी भरायचो, मशिनं मी घेतलेली, कामगारांचे पगार मी द्यायचो, पण लायसन्सवर नाव तिथल्या एका नागरिकाचं. तेव्हा कायदाच तसा होता. परदेशी माणसाला धंदा टाकायचा तर पुढे स्थानिक माणसाचं नाव हवं, आणि त्या नावाचे वर्षाकाठी पैसे मोजायचे. त्याला आम्ही अरबाब म्हणायचो, म्हणजे मालक. माझा अरबाब म्हातारा होता. वर्षातून एकदा यायचा, खजुरांचं खोकं टेबलावर ठेवायचा, सही करायचा आणि निघून जायचा.

नावाच्या बाबतीत माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. त्याचं कारण गावाकडचं.

मी सैन्यात हवालदार होतो. सीमेवर सुरुंगात उजवं पाऊल गेलं. घरी आलो तो पेन्शन, एक रबरी पाऊल आणि अपंगत्वाचा दाखला घेऊन. सरकारने जखमी सैनिकांसाठी गॅसच्या एजन्स्या राखून ठेवल्या होत्या, त्यातली एक आमच्या तालुक्याला निघाली. मी अर्ज भरायच्या आधीच तालुक्यातला एक व्यापारी दारात उभा.

"तुम्हाला काही करायचं नाही, हवालदार," तो म्हणाला. "नाव तुमचं, बाकी सगळं माझं. घरबसल्या पाकीट येईल."

मी त्याची स्कूटर ढकलत नेली आणि गटारात घातली.

एजन्सी मला मिळाली नाही. गोदामाची जागा दाखवा म्हणाले, बँकेत रक्कम दाखवा म्हणाले. रुग्णालयातून सुटलेल्या हवालदाराकडे गोदाम कुठून असणार? ती मिळाली शेजारच्या गावच्या एका जखमी जवानाला, म्हणजे त्या व्यापाऱ्याला. पुढे एकदा सुट्टीवर गेलो तेव्हा तो जवान स्वतःच्याच नावाच्या एजन्सीत पगारावर पावत्या फाडत बसलेला दिसला. मला बघून त्याने मान खाली घातली. त्याच्यावर माझा राग नाही. ज्यांनी आमच्या जखमांच्या नावाने योजना काढली आणि ती कोणाच्या घशात जाते ते बघितलं नाही, त्यांच्यावर आहे. अजून आहे.

म्हणून मी आखातात आलो. व्हिसाच्या मेडिकलला त्यांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. बुटात काय आहे ते कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. लोक समजायचे, याचा गुडघा धरलाय.

नव्वद सालानंतर कामं वाढत गेली आणि माझ्या हातात हॉस्पिटलच्या खाटा आल्या. हँडल फिरवलं की डोक्याची बाजू वर येते, तसल्या लोखंडी खाटा. सरकारी दवाखान्यांचं दुरुस्तीचं कंत्राट एका बड्या कंपनीकडे होतं. तिला वेल्डिंगची कांडीसुद्धा माहीत नव्हती. ती खाटा माझ्याकडे पाठवायची, मला चिल्लर द्यायची आणि सरकारकडून नोटा घ्यायची. हा धंदा झाला, तोही मी केला असता. पण प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक पत्र्याची पाटी लावायची असे. वर कंपनीचं नाव, खाली फोन नंबर. ती मीच कापायची, मीच ठोकायची. वर्षानुवर्षं मी माझ्या कामावर दुसऱ्याचं नाव रिव्हेट मारून पक्कं केलं.

कंपनीचा मॅनेजर आपला, पुण्याचा. टाय लावून यायचा आणि लांबूनच खाटांकडे बघायचा, शर्टाला ग्रीस लागेल म्हणून.

"हवालदार, दर वाढवा म्हणता, पण खाटेमागे काय मिळतं ते गुणा की रुपयांत," तो म्हणायचा. "गावी एवढे कोण देईल?"

"गावी मी खाटेवर झोपतो, ती दुरुस्त करत नाही," मी म्हणायचो. आणि काम घ्यायचो, कारण दुसरं नव्हतं.

दोन हजार सालानंतर बातमी आली, सरकारी खात्याने छोटी दुरुस्तीची कामं छोट्या कारखान्यांसाठी वेगळी काढली आहेत. मालक तिथला नागरिक पाहिजे, आणि निवृत्त सैनिक असेल, त्यातही नोकरीत जखमी झालेला, तर त्याचा विचार आधी. माझा अरबाब एके काळी तिथल्या फौजेत होता एवढं मला ऐकून माहीत होतं. डाव्या हाताची दोन बोटं नाहीत, हे तो सही करताना दिसायचं. मी हिशोब जुळवला आणि त्याच्या घरी गेलो.

अरबाबला आपल्यापेक्षा बरी हिंदी यायची. तरुणपणी मुंबईला फेऱ्या मारलेल्या. कॉफी आली. मी म्हणालो, "अरबाब, सिर्फ नाम चाहिए. आप आओ, साब लोग को बोलो वर्कशॉप मैं चलाता हूँ. खलास. बाकी सब मेरा."

बोलताना माझ्याच तोंडून मला तो गॅसवाला व्यापारी ऐकू आला.

अरबाब म्हणाला, "हुकूमत से झूठ नहीं बोलेगा मैं."

माझं डोकं तापलं. "और लायसन्स पर जो है? वो सच है? इतने साल से आपने एक खाट देखी है?"

त्याने मनात आणलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझं लायसन्स रद्द, व्हिसा रद्द, आणि बायको-पोरीसकट मी विमानात. तो उठला आणि म्हणाला, "तुम जाओ."

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "एवढं बोलायची गरज होती का? निदान तुमचा पाय दाखवायचात. दया तरी आली असती."

"दया आली की माणूस भाव पाडतो," मी म्हणालो. पण रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी शटर उघडायला गेलो तर समोर अरबाबची पिकअप उभी. पांढऱ्या कंदुऱ्यात, त्यांच्या त्या पायघोळ झग्यात, तो खाली उतरला, आत आला आणि पंख्याखालचं स्टूल ओढून बसला. "मालिक हूँ ना? काम दिखाओ."

तेव्हापासून तो रोज यायला लागला, आणि माझं जगणं कठीण झालं. वेल्डिंगचा धूर आला की शटर पूर्ण वर करायला लावायचा. कामगारांना मध्येच चहाला सोडायचा. लोखंड घ्यायला मी त्याला बरोबर नेलं, तर दुकानदाराने सांगितलेला पहिला भाव ऐकून त्याने खिशात हात घातला. मला घाम फुटला.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "अरबाब, पहला भाव सुनके हँसने का. बोलने का नहीं. सिर्फ हँसने का."

"क्यों हँसूँ? वो गरीब आदमी है."

"वो गरीब है? उसका गोदाम देखा?"

आम्ही रोज भांडायचो. मग एकदा मी खाटेची फ्रेम जोडत होतो आणि ठिणगी माझ्या बुटात शिरली. मला कळलं नाही. अरबाब स्टुलावरून ओरडला, "ए, तेरा पाँव जल रहा है."

"मेरा नहीं है," मी म्हणालो, "जलने दो."

पण रबराचा वास सुटला होता. शेवटी बूट काढावा लागला. अरबाबने वाकून ते जळकं रबरी पाऊल बघितलं. "किधर गया?" त्याने विचारलं. मी सांगितलं. सीमा, सुरुंग, दाखला, गॅसची एजन्सी आणि गटारातली स्कूटरसुद्धा. स्कूटरला तो हसला. मग त्याने आपला डावा हात पुढे केला आणि सांगितलं, फौजेच्या ट्रकचं फळकं पडलं होतं, त्यात बोटं गेली. लढाई नव्हती, साधा ट्रक होता. आधी तो मला रफीक म्हणायचा, तिथे सगळ्याच परदेशी कामगारांना म्हणतात तसं. त्या दिवसापासून फौजी म्हणायला लागला. भांडणं मात्र कमी झाली नाहीत.

त्याच्या नावाने अर्ज गेला होता, आणि खात्याने आम्हाला बोलावलं तोवर त्याला बरंच काही कळायला लागलं होतं. कुठला पाइप खाटेला चालतो, कुठला वाकतो, कोण लोखंडात फसवतो. मी मनाशी म्हणालो, आता तो नुसता 'हो, मीच चालवतो' म्हणाला तरी ते फार खोटं होणार नाही. बाहेर पिकअपमध्ये नमुन्याची एक खाट दुरुस्त करून, रंगवून ठेवली होती.

टेबलापलीकडचा अधिकारी तरुण, परदेशात शिकून आलेला. बोलणं अरबीत चाललं होतं, पण इतक्या वर्षांत तेवढं मला समजत होतं. त्याने अरबाबला आदराने काका म्हणून हाक मारली आणि विचारलं, "वर्कशॉप तुम्ही स्वतः चालवता?"

मी मागे बसलो होतो. एका शब्दाचं काम होतं.

अरबाब म्हणाला, "चालवतो हा. कागदावर मी आहे. मी रोज जाऊन बसतो आणि याच्याशी भांडतो. लोखंड कुठलं घ्यायचं ते आता मलाही कळतं. खाट कशी उभी करायची ते याला कळतं. हाही सैनिक आहे. याने पाय दिलाय."

अधिकारी माझ्याकडे वळला. "कुठल्या सैन्यात?"

मी सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं आणि खरोखर चांगुलपणाने म्हणाला, "ही सवलत आमच्या सैनिकांसाठी आहे."

मी गप्प बसायचं असं ठरलं होतं. पण गप्प बसणं मला कधी जमलं नाही. माझ्या मोडक्या अरबीत म्हणालो, "सवलत मला नको. खाली गाडीत खाट आहे. तिचं हँडल फिरवून बघा, मग दुसऱ्या कोणाच्या खाटेचं फिरवा."

तो म्हणाला, नियमात तशी तपासणी नाही.

काम आम्हाला मिळालं नाही. मिळालं ते एका निवृत्त सैनिकाच्या नव्या कारखान्याला, ज्याला कारखानाच नव्हता. त्याचं ऑफिस बड्या कंपनीच्या ऑफिसात होतं आणि टेलिफोनही तिचाच. ते सगळ्या औद्योगिक भागाला माहीत होतं.

हे कळलं तेव्हा मी अरबाबवर तुटून पडलो. "एक हाँ बोलने में क्या जाता था? बस एक हाँ. मेरी सारी मेहनत गई."

त्याने पिकअपची किल्ली फिरवत विचारलं, "तेरे गाँव के सेठ को तूने हाँ बोला था?"

मी उतरलो आणि पिकअपचं दार आपटलं.

काही आठवड्यांनी पुण्याचा मॅनेजर ट्रक घेऊन आला. ट्रकमध्ये तुटक्या खाटा. मॅनेजर उतरला, टाय सारखा केला. "हवालदार, झालं गेलं विसरा. काम चालू ठेवू. दर तोच."

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात स्टुलावरून हसण्याचा आवाज आला. अरबाब हसत होता. एक शब्द नाही, नुसता हसत होता. मॅनेजर गोंधळून त्याच्याकडे बघायला लागला. त्याने अरबाबला कधी पाहिलेलं नव्हतं.

"हे कोण?"

"मालक," मी म्हणालो. "दर आवडला नाही त्यांना."

मॅनेजरने थोडा वाढवला. अरबाब पुन्हा हसला. आणखी वाढवला. मग मी हात वर केला. "दर राहू द्या. शेवटचा सांगितलात तो घेतो. पण पाटी आमची लागेल."

"कसली पाटी?"

"खाटेवरची. आमच्या वर्कशॉपचं नाव, आमचा फोन."

तो हसला. "अहो, पाटीत काय ठेवलंय?"

"काही ठेवलं नसेल तर लावू द्या."

त्याचा चेहरा उतरला. "ते होणार नाही. साहेब ऐकणार नाहीत."

"मग साहेबांना म्हणावं, वेल्डिंगला बसा."

तो ट्रक घेऊन गेला. मी शटर ओढलं आणि उभ्या उभ्या त्या कंपनीचा, त्या अधिकाऱ्याचा, गॅसच्या एजन्सीचा, सगळ्यांचा उद्धार केला. अरबाब ऐकत होता. कामगार आता काम नाही म्हणून घाबरले होते. त्या काळात आम्ही खिडक्यांच्या जाळ्या केल्या, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड केले, पगार कसेबसे काढले. बायको म्हणाली, "एका पत्र्यासाठी?" मी म्हणालो, "हो."

ट्रक औद्योगिक भागात फिरत होता, बातमी येत होती. एकाने हँडलचे आटे उलटे पाडले, पेशंट वर जायच्या ऐवजी खाली गेला. दुसऱ्याने जोड असा मारला की तो वॉर्डात सुटला. मग एका दुपारी तोच ट्रक शटरसमोर येऊन थांबला. या वेळी मॅनेजर टाय न लावता आला होता.

"लावा तुमची पाटी," तो म्हणाला. "पण छोटी लावा."

"पत्रा आमचा आहे," मी म्हणालो. "माप आम्हीच ठरवू."

पहिली पाटी मी हाताने कापली. नाव अरबीत आणि इंग्रजीत, खाली फोन. अरबाबने कंदुऱ्याच्या बाह्या सारल्या आणि ड्रिल मागितलं. दोन बोटं नसलेल्या हाताने त्याने पाटी धरली, भोक जरा वाकडं पडलं. मी म्हणालो, "अरबाब, टेढ़ा हुआ."

"टेढ़ा रहने दे, फौजी," तो म्हणाला. "रिव्हेट मार."

मॅनेजर अजून उभा होता. "हवालदार, खात्याच्या लोकांनी पाटी वाचली तर?"

"वाचू दे," मी म्हणालो. "खाली नंबर दिलाय."