फायनलच्या मध्येच नवं ग्राफिक्स कार्ड काढावं लागलं

मंडळी, आज दुपारी भद्रावतीच्या घरातून मी आणि ताई ऑनलाइन स्पर्धेची फायनल खेळलो. तीन फेऱ्या होत्या, दोन जिंकायच्या होत्या.

सकाळीच माझ्या पीसीत नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं होतं. जुन्यावर धूसर दिसणारं गवत नव्यावर पातं न् पातं दिसत होतं. पहिली फेरी आम्ही सहज जिंकलो.

दुसरीत ऐन चकमकीत माझा पीसी बंद पडला. जुन्या पॉवर सप्लायला नव्या कार्डाचा भार झेपला नाही. फेरी गेली. शेवटच्या फेरीला फक्त दहा मिनिटं उरली.

"नवंच ठेवते, एकच फेरी तर आहे," मी म्हणाले.

"अन् पुन्हा बंद पडला तं? जुनं लाव. कमी दिसन, पण मले तू शेवटपर्यंत पायजे."

घाईत स्क्रू दोनदा हातातून निसटला. खेळ सुरू झाला तेव्हा माझ्या स्क्रीनवर सगळं अडखळत होतं. शेवटी समोर एकच खेळाडू उरला, आणि तो मला दिसतच नव्हता.

शेजारून ताई ओरडली, "डावीकडं, झाडामागं! मार!"

मी न पाहताच गोळी झाडली. जिंकलो!

सप्लाय बदलला की नवं कार्ड परत लावणार आहेच. पण खरं सांगा, त्या दहा मिनिटांत तुम्ही कुठलं कार्ड लावलं असतं?