चाकात अडकलेला पाय

वडील लोणावळ्याला रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. तिथल्या एका बंगल्यातल्या पारशी बाई गाव सोडून निघाल्या तेव्हा जाताना आपली सायकल आम्हाला देऊन गेल्या. वडिलांनी आईला ती शिकवायला घेतली. आई नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून बसायची, वडील मागून सीट धरून पळायचे. हात सोडला की ती थोडं अंतर सरळ जायची, मग म्हणायची, "अहो, धरा."

दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी सायकलींवर वळवणच्या तळ्याकाठच्या मोठ्या बागेत जायचं ठरलं. आई पारशी बाईंच्या सायकलवर; तिला चढायला-उतरायला वडील धरायचे. वडिलांच्या सायकलवर पुढच्या दांड्यावर मी आणि मागे कॅरिअरवर माझा धाकटा भाऊ. तो जेमतेम चार वर्षांचा. बागेत पोचल्यावर मी उतरून आईच्या बाजूने पळू लागले, कारण तिला सोबत हवी होती. वडील भावाला घेऊन पुढे गेले.

वळणावर भावाला तळ्यात बदकं दिसली. ती बघायला तो एका बाजूला कलला आणि त्याचा पाय मागच्या चाकात गेला. सायकल जागीच थांबली. भावाची किंकाळी ऐकून आईने सायकल बागेच्या कठड्यावर घातली आणि आम्ही धावलो. त्याची टाच चाकाच्या तारा आणि सायकलचा दांडा यांच्या मध्ये रुतली होती. वडिलांनी चाक जरासं मागं फिरवून पाहिलं, तसा तो पांढरा पडला. त्यांनी पुन्हा चाकाला हात लावला नाही.

"तारा तोडायला हव्यात," ते म्हणाले. "बाजारातल्या सायकलवाल्याला आणायला हवं. तू सायकल धर, मी जातो."

आईने सायकल धरली. पण ती अवजड सायकल आणि वरचं मूल तिला पेलेना. सायकल थोडी कलली, भाऊ पुन्हा किंचाळला आणि वडिलांनी ती परत आपल्या हातात घेतली.

"मी जाते," आई म्हणाली.

"अगं, तुला चढता तरी येतं का एकटीला?"

बागेच्या कठड्याला आपली सायकल टेकवून आई चढली आणि निघाली. फाटकापाशी ती पडली. वडिलांनी हाक मारली. तिने मागे न बघता पदर कमरेला बांधला, पुन्हा कठडा गाठून चढली आणि दिसेनाशी झाली.

एक गवतवाली भारा टाकून जवळ आली. तिने पदर तळ्यात भिजवून आणला आणि भावाच्या पायावर धरला.

"दादा, बाई येकलीच गेली व्हय? सायकलीवर?"

"हो, मावशी," वडील म्हणाले.

"रस्त्याला मोटारी लय हाईत," ती म्हणाली आणि पदर पुन्हा भिजवायला गेली.

मी भावाचं डोकं माझ्या खांद्यावर घेतलं होतं. आधी तो रडत होता, मग नुसता कण्हू लागला, मग तेही थांबलं. ते थांबल्यावर मला जास्त भीती वाटली. वडील सारखे त्याला काहीबाही विचारत होते, बदकं किती, पांढरी कुठली. त्यांनी चाक जरासुद्धा हलू दिलं नाही. टाचेखालची माती लाल होत होती. डोंगरावरून ढग उतरला आणि फाटक दिसेनासं झालं. आई पुन्हा कुठे पडली असेल का, हे आम्ही कोणीच बोललो नाही.

शेवटी ढगातून सायकलवाला आला आणि त्याच्या मागून आई, आपल्या सायकलवर. तिचं कोपर फुटलं होतं. सायकलवाल्याने पक्कड काढून एकेक तार तोडली. प्रत्येक तार तुटताना भावाचं अंग आखडायचं. पाय सुटला तेव्हा आईने तो दोन्ही हातांत धरून बोटं हलवायला सांगितली. ती हलली.

दवाखान्यात टाके पडले. हाड शाबूत होतं. परत येताना टांग्यात वडिलांनी विचारलं, "दुकानापाशी उतरलीस कशी? थांबवायचं तर मी तुला शिकवलंच नव्हतं."

"उतरले नाही. त्याच्या दारातल्या सायकलींवर जाऊन पडले."

वडील हसले नाहीत. रात्री जेवताना त्यांच्या हातातली भाकरी तुटेना, इतके दंड भरून आले होते. आईने त्यांच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतलं, भाकरी कुस्करून दिली आणि आपलं सुजलेलं कोपर मांडीवर ठेवून जेवायला बसली.