झिऱ्यातली बाहुली

आर्या, निशांत,

गेल्या रविवारी निशांतनं मला एक फोटो पाठवला. आपल्या गावच्या शाळेतल्या प्रदर्शनाचा. फिरत फिरत तो तुमच्यापर्यंत पोचला होता. काचेच्या पेटीत पांढऱ्या मातीची एक बाई, हाताच्या पंजाएवढी. खाली मराठी कार्ड, आणि त्याच्या शेजारी एका कार्डाची रिकामी जागा. निशांतनं विचारलं होतं, "आजी, हिला चेहरा का नाही?"

मी उत्तर दिलं, "फार जुनी आहे म्हणून."

हे खोटं होतं. बत्तीस वर्षं मी मुलांना इंग्रजी शिकवलं, खोटं लिहू नका म्हणून सांगितलं, आणि तुम्हाला एका ओळीत खोटं लिहून मोकळी झाले. वाईटसुद्धा वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचीच भीती वाटली. म्हणून हे लिहितेय. तुमची आई तुम्हाला वाचून दाखवेल. तिलाही हे मी कधी सांगितलेलं नाही. मधलं काही गाळू नकोस, एवढंच तिला सांगितलंय.

त्या बाईचा चेहरा घासला जात होता तेव्हा मी तिथं होते. दहा वर्षांची. शाळेच्या पायरीखाली, उन्हात. घासत होती माझी माय.

आता क्रमानं सांगते.

आपलं गाव तेरणेच्या काठी, तेरच्या खालच्या अंगाला. तेरचं नाव पुस्तकांत आहे, आपलं नाही. पण नदी तीच आणि माती तीच. जुन्या टेकाडावरून पाणी वाहून गेलं की मणी वर यायचे, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे वर यायचे. आम्ही पोरं ते वेचून खेळायचो. ते दोन हजार वर्षांपूर्वीचे असतात हे मला कॉलेजात कळलं.

उन्हाळ्यात नदी म्हणजे नुसती वाळू. त्या वाळूत हातानं खड्डा करायचा. खाली पाणी झिरपत यायचं, ते करवंटीनं घागरीत भरायचं. याला झिरा म्हणतात. प्रत्येकाच्या झिऱ्याची जागा ठरलेली. वरच्या अंगाला पाटलांच्या आणि पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या बायका. मधे मुसलमान मोहल्ल्यातल्या. सगळ्यांच्या खाली आम्ही, महारवाड्यातले. वरचे झिरे उपसले की आमचे उशिरा भरायचे. माझ्या मायचे किती उन्हाळे झिऱ्याच्या काठावर उकिडवं बसण्यात गेले, सांगता येणार नाही.

मायचं नाव सोजरबाई.

एका सकाळी झिरा आटला म्हणून ती आणखी खोल उकरत होती. खांद्यापर्यंत हात आत. बोटांना काहीतरी लागलं. तिनं ते काढलं, पाण्यात एकदा बुडवलं आणि पदरावर ठेवलं. पांढऱ्या मातीची बाई. कानांत जड दागिने. ओठांवर आणि केसांत तांबूस रंग. ती हसत होती. अगदी थोडं, कुणीतरी ओळखीचं दिसल्यासारखं.

मायनं तिला उलटं केलं. पाठीवर वेणी होती. तीन पेडांची, कमरेपर्यंत.

"बग गं," माय म्हणाली, "हिची बी येणी तुज्यावानीच. कुनी घातली आसंल?"

माझी वेणी त्या सकाळी तिनंच घातली होती.

ती बाहुली मी शाळेत नेली. माय नको म्हणत होती. मला वाटलं, गुरुजी शाबास म्हणतील. आमच्या वस्तीतल्या आम्ही दोनच मुली शाळेत होतो. दाराजवळ पोत्यावर बसायचो. कायद्यानं शाळा सगळ्यांची झाली होती. पोतं मात्र वेगळं होतं.

हेडमास्तरांनी चष्मा लावला. हात पुढं केला नाही.

"ठेव खाली."

मी फरशीवर ठेवली. पोरं जमली. कुणीतरी म्हणालं, "देवी हाय!" हेडमास्तर वाकून बघत राहिले. देवीच आहे, म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

"कुणाकुणाचा हात लागलाय हिला?"

"मायचा. माजा."

"आईला बोलाव."

माय खुरपायला गेली होती, ती रानातून तशीच आली. तिला पायरीच्या खाली उभं केलं. हेडमास्तर वर, व्हरांड्यात. ते जे बोलले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"विटाळलेली मूर्ती शाळेत घेता येत नाही. देवी आहे, टाकूनही देता येत नाही. तूच घास. राखेनं, सात वेळा. मग वरून पाणी घालून आम्ही उचलू. नाहीतर पोरीचं नाव काढतो."

शिपायानं राख आणि काथ्या आणून तिच्यासमोर टाकला.

माय खाली बसली. बाहुली तिनं डाव्या तळहातावर उताणी निजवली आणि घासायला लागली. तिला घासणं येत होतं. आमच्या घरात एकच पितळेचा तांब्या होता, त्यात तोंड दिसायचं.

तांबडं पाणी निघालं. माय थांबली.

"गुर्जी, रंग चाललाय हिचा."

"मळ असेल. घास."

तिनं आणखी जोर लावला. आपण जितकं नीट घासू तितकी पोरगी शाळेत पक्की, असं तिला वाटत होतं. हे तिनं कधी सांगितलं नाही. मला तिच्या खांद्यावरून दिसत होतं. पाचव्या वेळेला ओठ गेले. सातव्या वेळेला नाक गेलं.

एक पोरगा ओरडला, "सोजरीनं देवीला नकटी केली रं!"

सगळे हसले. हेडमास्तरांनी वरून तांब्यानं पाणी सोडलं, मूर्ती उचलली, उजेडात धरली.

"वाटोळं केलंस. तुमच्या हाताला नाजूक काम ठाऊक असतं का कधी?"

"चुकलं, गुर्जी," माय म्हणाली.

मी रडले नाही. मी तिच्या नखांकडे बघत होते. नखांत तांबडं साचलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझी वेणी घातली. नखांतलं तांबडं अजून गेलं नव्हतं. "जा," म्हणाली. "नाव काडलं न्हाय." एवढंच. त्यानंतर ती शाळेत कधी आली नाही. मी मॅट्रिकला पहिली आले तेव्हा नाही. त्याच शाळेत इंग्रजीची शिक्षिका झाले तेव्हाही नाही. "त्या पायरीपाशी माजं काय काम?" म्हणायची.

त्या शाळेत मी बत्तीस वर्षं नोकरी केली. बाहुली हेडमास्तरांच्या खुर्चीमागच्या कपाटात होती. खुर्चीतली माणसं बदलत गेली. मी रोज सकाळी तिच्यासमोर मस्टरवर सही करायचे, खडू घ्यायचे आणि वर्गावर जायचे. काय वाटायचं? काही नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय कसा होतो? आपलाच असतो, पण हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो. तसं. बत्तीस वर्षं.

यंदा शाळेत गावाच्या इतिहासाचं प्रदर्शन ठरलं. संजय घरी आला. तो माझा विद्यार्थी, आता प्रदर्शनाच्या समितीचा सचिव. माझ्या खुर्चीत बसला, माझ्या हातचा चहा प्यायला. त्याचा आजा प्यायला नसता. हे लिहिते, कारण मला कुणावर अन्याय करायचा नाही.

"बाई, बाहेरचे पाव्हणे यायलेत," तो म्हणाला. "तुमच्याबिगर इंग्रजी कोण करणार? आमचं इंग्रजी तुमाला म्हायतीय, तुमीच नापास केलंय."

आम्ही दोघंही हसलो. मी समितीच्या मराठी कार्डांचं इंग्रजी करायला घेतलं. निजामाच्या काळातला शिक्का. पेठेतला तराजू. कल्हईवाल्याचा भाता. उरुसातला कंदील. एकेक होत गेलं. मग हे आलं:

"स्त्रीमूर्ती. नदीपात्रात आढळली. काळाच्या ओघात चेहरा झिजलेला."

शेवटच्या वाक्याला इंग्रजीत तीन शब्द पुरतात. मला ते झोपेतही लिहिता आले असते. पेन कागदावर टेकलं आणि पुढं गेलं नाही. बधिर पायात मुंग्या येतात ना, तशा हातात आल्या.

"संजय, हा चेहरा काळानं झिजलेला नाही. माझ्या मायनं घासलाय. शाळेनं घासायला लावलाय."

सगळं सांगितलं. तो खाली मान घालून ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "बाई, खरंच आसंल. पण आता कशाला उकरायचं? गाव कुठं एक व्हायलंय. आन् राग मानू नका, पण लोक नावं ठेवतील ती तुमच्याच आईला. म्हणतील, मूर्ती हिनंच खराब केली."

तो वाईट माणूस नाही. पण ते वाक्य मी ओळखलं. ते माझंच होतं. साठ वर्षं मी गप्प का होते हे मला त्या वेळी कळलं. हेडमास्तरांची भीती केव्हाच गेली होती. मला मायची लाज वाटत होती. तिनं हळू घासायला हवं होतं, असं मी मनात धरून बसले होते. एवढी शिकून.

मी नवं कार्ड घेतलं आणि मराठीत लिहिलं, खाली इंग्रजीत:

"स्त्रीमूर्ती. सोजरबाईंना त्यांच्या झिऱ्यात सापडली. त्यांच्या हाताचा विटाळ मानून या शाळेच्या हेडमास्तरांनी ती त्यांच्याकडूनच राखेनं घासून घेतली. चेहरा त्यात गेला."

संजयनं दोनदा वाचलं. "समितीत हे बसायचं न्हाय, बाई."

"मग माझं इंग्रजीही बसायचं नाही. एकाही कार्डाचं."

"पत्रिका छापून झालीय. तुमचं नाव हाय तिच्यात."

"खोडा."

मी केलेली सगळी इंग्रजी कार्डं काढून घेतली. तो रिकामी फाईल घेऊन गेला. जाताना पाया पडला. मी पडू दिलं.

म्हणून तुम्हाला आलेल्या फोटोत ती जागा रिकामी आहे. ती माझी आहे. समितीला नकार देऊन चार दिवस झाले होते, आणि तरीही तुझ्या प्रश्नाला मी जुनंच उत्तर दिलं, निशांत. इतकं ते आत बसलेलं असतं. ते उत्तर मी परत घेते.

यापुढं माझं ठरलंय. ते कार्ड लागेपर्यंत त्या पेटीसाठी माझ्या हातून एक इंग्रजी शब्द निघणार नाही. प्रदर्शन उघडं आहे तोवर मी रोज दहा वाजता जाऊन पेटीशेजारी उभी राहते. जो थांबेल त्याला सांगते. कालपासून सुरू केलंय. एक बाई पूर्ण ऐकून गेली. दोघे जण ऐकता ऐकता निघून गेले. संजयनं खुर्ची आणून ठेवली. मी बसले नाही. मी गेल्यावर कुणी तिथं ते तीन शब्द लिहिले, तर हा कागद दाखवायचा. हे काम तुमचं.

नदीत आता झिरे नाहीत. वाळू टिपर-ट्रकांनी उपसून नेली. पायरीवर नवी फरशी आहे. माय नाही.

काल मी पेटीच्या मागच्या बाजूला जाऊन बघितलं. तिथून कुणी बघत नाही. सात वेळा घासताना मायनं ती बाहुली एकदाही उलटी केली नव्हती. पाठ तिच्या तळहातात होती.

वेणी शाबूत आहे. तीन पेडांची, कमरेपर्यंत.